ट्युटोरियलमधला अँड्रॉइड कोड जसाच्या तसा उतरवला, तरी अँड्रॉइड स्टुडिओत त्यातला ‘आर’ (R) हा शब्द लाल का दिसतो?

चूक बहुतेक वेळा जावा-कोटलिनच्या फाइलीत नसते, ‘रेस’ (res) फोल्डरमध्ये असते, म्हणजे अ‍ॅपची चित्रं, स्क्रीनची मांडणी, मजकूर ठेवतात तिथे. आधी तिथे बघा. ‘आर’ हा क्लास बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडचं अ‍ॅप बनवताना, त्याच फोल्डरवरून आपोआप तयार होतो. तिथली एक एक्सएमएल फाइल अडली की तो बनत नाही आणि सगळीकडे लाल रेघा उमटतात. म्हणून बिल्ड आउटपुटमधली अगदी पहिली एरर वाचा. चित्राच्या फाइलनावात कॅपिटल अक्षर किंवा हायफन, बंद न केलेला टॅग, ही नेहमीची कारणं. लाल शब्दावर ऑल्ट-एंटर दाबल्यावर सुचणारा ‘अँड्रॉइड.आर’ (android.R) इम्पोर्ट मात्र अजिबात घेऊ नका, तो सिस्टिमचा आहे, तुमच्या अ‍ॅपचा नाही. एक्सएमएल ठीक असूनही लाल राहिलं, तर कोडच्या फाइलीतली सर्वात वरची पॅकेजची (package) ओळ ट्युटोरियलवाल्याचीच राहिली असेल. ती तुमच्या ग्रेडल फाइलमधल्या (बिल्डच्या सेटिंगची फाइल) नेमस्पेसप्रमाणे, म्हणजे तिथे दिलेल्या तुमच्या पॅकेजच्या नावाप्रमाणे करा.