अंगणातले पाहुणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाल्कनीच्या कठड्यावर पाण्याचं भांडं ठेवून दोन महिने झाले. कावळ्याशिवाय कुणी फिरकत नाही, वर डासांच्या अळ्या होतात. काय चुकतंय? (वाचक, ठाणे)

उत्तर : भांडं कोणतं ते कळवलं नाहीत, पण बहुधा खोल आणि गुळगुळीत असावं. चिमणी, बुलबुल, दयाळ यांना पोटाला लागेल एवढंच पाणी लागतं : कडेला 2 सेंटीमीटर, मध्ये फार तर 4. कुंडीखाली ठेवतात ती मातीची थाळी, साधारण 30 सेंटीमीटर व्यासाची, याला उत्तम. तिच्या खरखरीत तळावर पाय घसरत नाहीत. चकाकी दिलेली मात्र घेऊ नका. मधोमध एक चपटा दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवा.

बुलबुल आधी काठावर बसून चोच बुडवतो, मग आत उतरून छाती टेकवतो, पंख फडफडवतो आणि लगेच फांदी गाठतो. असं दोन-तीनदा चालतं. भिजलेल्या पक्ष्याला लांब उडता येत नाही, म्हणून दोन-तीन मीटरवर झाड किंवा मोठी कुंडी हवी. उघड्या कठड्यावर तो उतरायला धजत नाही. पण थाळी जमिनीवर ठेवणार असाल तर तिला खेटून झुडूप नको, तिथं मांजर दबा धरतं.

कावळा पोळीचे तुकडे, हाडं पाण्यात भिजवतो आणि पाणी नासवतो. त्याला हाकलण्यापेक्षा वेगळं खोलगट भांडं लांब ठेवलेलं बरं.

अळ्या होतात, कारण आपण वरून फक्त भर घालतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. रोज सगळं पाणी झाडाला ओतलं की तो क्रम तुटतो. एडिस डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून दर तीन दिवसांनी काथ्यानं घासा. साबणाची गरज नाही. रॉकेल किंवा डासांचं औषध पाण्यात अजिबात नको.

प्रश्न : काळा-निळा चकचकीत चिमुकला पक्षी रोज स्कूटरच्या आरशावर चोच मारतो. त्याला इजा होईल का? (वाचक, सातारा)

उत्तर : हा जांभळ्या शिंजिराचा नर. विणीच्या दिवसांत आरशातलं प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतं. इजा सहसा होत नाही, पण दमछाक होते. आरशावर जुना मोजा चढवा. खिडकीच्या काचेवर हाच प्रकार असेल तर कागद बाहेरून लावा. आतून गडद पडदा ओढला तर प्रतिबिंब उलट जास्तच ठळक दिसतं.

वीण संपली की नराचा रंग उतरतो. तो मादीसारखा पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. तेव्हा ‘नर निघून गेला’ असं समजू नका. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर मात्र वर्षभर तसाच दिसतो.

प्रश्न : तांदूळ टाकते, पण फक्त पारवेच येतात. (वाचक, नागपूर)

उत्तर : मग तांदूळ थांबवा. पारव्यांची वाळलेली विष्ठा श्वासातून फुप्फुसात जाणं घातक ठरू शकतं. बागेत जागा असेल तर तुतीची फांदी लावा, फळांवर बुलबुल आणि कोकीळ येतील. जास्वंद, हॅमेलिया शिंजिरासाठी. एका कोपऱ्यातलं गवत कापू नका, त्याच्या बियांवर मुनिया उतरतात. कीटकनाशकाची फवारणी बंद ठेवा. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते.

प्रश्न : दुर्बीण 10×50 घ्यावी की 8×42? (वाचक, मडगाव)

उत्तर : घरच्या बागेला 8×42. (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.) 10×50 जड असते, हात हलला की चित्रही जास्त हलतं, आणि अशा पुष्कळ दुर्बिणींतून पाच मीटरच्या आतलं काही स्पष्ट दिसत नाही. कुंडीवरचा शिंपी पक्षी तर त्याहून जवळ असतो. घेण्यापूर्वी दुकानात दोन मीटरवरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून बघा.