अब्बांना विचारलंत का?

प्रश्न : सिस्टर, सलाम. आम्ही मुंब्र्याला कौशात राहतो, मूळ श्रीवर्धनचे. अब्बा ६८ वर्षांचे. त्यांचा एऑर्टिक वॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, आकसलाय, पुढच्या महिन्यात ठाण्यात ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, टिश्यू वॉल्व्ह बसवू. कशाचा असतो विचारलं तर म्हणाले, ‘प्राण्याचा, काळजी करू नका.’ डुकराचाही असतो असं नंतर कळलं. भाई म्हणतो, अब्बांना सांगू नकोस, ते नाही म्हणतील आणि आपण त्यांना गमावून बसू. काय करू?

उत्तर : सांग. आणि आजच सांग, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको. उपाशी ठेवलेल्या, घाबरलेल्या माणसापुढे कागद धरला की तो कशावरही सही करतो. थिएटर सिस्टर म्हणून २९ वर्षं मी हेच पाहिलं. ‘काळजी करू नका’ हे मीही कितीदा म्हटलंय, खोटं कशाला बोलू!

टिश्यू वॉल्व्ह मुख्यतः दोन तऱ्हांचे. एक डुकराच्या हृदयातली झडपच, दुसरा गोवंशाच्या हृदयावरच्या आवरणातून शिवलेला. खोक्यावर छापलेलं असतं: ‘पोर्साइन’ म्हणजे डुक्कर, ‘बोव्हाइन’ म्हणजे गाय-बैल. बरणीतून काढून सलाइनच्या वाडग्यांत खळबळून सर्जनच्या हाती द्यायचं काम माझं होतं, त्यामुळे ते लेबल मला पाठ आहे. तेव्हा सर्जनना एवढंच विचार, पोर्साइन की बोव्हाइन? बोव्हाइन आज सर्रास वापरतात, मागवता येतो. आणि हा प्रश्न फक्त तुमच्याच घरात पडतो असं समजू नकोस. नौपाड्यातल्या एका आजोबांनी ‘गाईचा नको’ म्हणून हट्टाने डुकराचा मागवला होता!

तिसरा, मेकॅनिकल. कार्बन, धातू वगैरेंचा. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेला आपला देशी वॉल्व्ह १९९० पासून बसवतात. हे वॉल्व्ह टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर, आणि वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. गोळी चुकली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. टिश्यू वॉल्व्ह साधारण १० ते १५ वर्षं चालतो, म्हणून पासष्टीपुढे बहुधा तोच सुचवतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नाही, उत्तर अर्धं दिलं एवढंच.

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) घेताना रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं, आणि या ऑपरेशनात त्याला सोयीचा पर्याय जवळपास नाहीच. हेही अब्बांपासून लपवू नकोस. त्याचा उतारा, प्रोटामाइन, मात्र मूळचा माशाचा. श्रीवर्धनकरांची त्याला हरकत नसावी! (मासळीची ॲलर्जी असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, ही थट्टा नव्हे.)

धर्माचं सांगणारी मी कोण? पण जीवावर बेतलं तर मनाईतून सवलत आहे, कुराणातल्या सूरह बकराची १७३ वी आयत बघा, असं एका पेशंटसोबत आलेल्या मौलानांनी मला सांगितलं होतं. त्यांचा लगेच पुढचा प्रश्न, ‘दुसरा इलाज आहे का?’ म्हणून मौलानांकडे जाताना वॉल्व्हचे सगळे पर्याय कागदावर लिहून ने.

भाईला समीरा कोहली खटला सांग. बाई भुलेखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईची ती संमती ग्राह्य धरली नाही; पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. उपचाराचं स्वरूप, पर्याय, धोके हे पेशंटलाच सांगायचे असतात. तुझे अब्बा तर चांगले शुद्धीत आहेत.

राबोडीचे एक चाचा आठवतात. वॉल्व्ह डुकराचा होता हे त्यांना घरी गेल्यावर नातवाने फाइल वाचली तेव्हा कळलं. ड्रेसिंगला आले तेव्हा माझ्याशी बोललेच नाहीत. वॉल्व्ह उत्तम चालला होता.

ओपीडीला एकटी जाऊ नकोस, अब्बांना घेऊन जा. ठरेल ते केसपेपरवर लिहून घे. त्यांच्या मापाचा वॉल्व्ह मागवायला डॉक्टरांनाही वेळ लागतो.