ऑफिसचा ताण घरात येऊ नये म्हणून मी काय करते

तुम्ही विचारलंय की हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत डोकं भणभणलेलं असतं, घरात पाऊल टाकलं की मुलांवर आवाज चढतो, तर गोळ्या न घेता काही करता येईल का. चार वर्षांपूर्वी माझंही हेच चाललं होतं. एकदा मुलगी चित्र दाखवायला धावत आली आणि मी चप्पल काढायच्या आत तिच्यावर खेकसले. तिने वही पाठीमागे लपवली. ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी पार्किंगमधून थेट वर जात नाही. गाडी स्टँडवर लावते, हेल्मेट डिकीत टाकते आणि तिथेच सीटवर बसते. एक तळवा पोटावर. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा, आकडे सेकंदकाट्याच्या चालीने. असे मिनिटाला सहाच श्वास होतात, एरवी मोठ्या माणसाचे 12 ते 20 होतात. सुरुवातीला श्वास अडखळतो. खांदे वर चढलेत, दात आवळलेत हे तेव्हाच ध्यानात येतं, मग हळूहळू जबडा सुटतो. पाच मिनिटं पुरतात. श्वास कोंडायचा नाही, गरगरलं तर थांबायचं.

यामागचं कारण साधं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. ठोके मंदावण्याचं हे काम व्हेगस नावाचा मज्जातंतू करतो, म्हणून सोडणं लांबवायचं. चांदणी चौकात मागून हॉर्नवर हॉर्न वाजले की शरीर भांडायच्या तयारीत जातं, आणि त्याच तयारीत आपण घराची बेल वाजवतो. बिचारी मुलं समोर येतात. घरात मी सांगूनही ठेवलंय की आल्यावर हातपाय धुऊन होईपर्यंत मला काही विचारू नका. चिडून न सांगता, सुट्टीच्या दिवशी शांतपणे सांगितलं, म्हणून ते पाळलं गेलं.

संध्याकाळी सहाच्या चहातलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असू शकतं. मी चारनंतरचा चहा बंद केला आणि झोप सुधारली.

अश्वगंधा घ्या असं तुम्हाला दहा जण सांगतील. झाडपाल्याचं आहे म्हणून बिनधास्त घेऊ नका. थायरॉईडची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि दोन आठवडे झोप उडालीय, कशातच मन लागत नाही असं असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी 14416 ला फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

कोथरूडला राहता म्हणून शेवटी टेकडीचं सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर आहे. वेताळ टेकडी तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. आठवड्यातून तीनदा तरी उजाडल्यावर जा. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चढा. फोन खिशात असू दे, कानात मात्र काही घालू नका, नाहीतर खाणीच्या बाजूने येणारी मोराची हाक चुकेल. माथ्यावर वेताळाच्या देवळापाशी घाम वाळेपर्यंत टेका. शहरातल्या या सगळ्यात उंच जागेवरून खालचे रस्ते दिसतात, हॉर्न मात्र तितकेसे ऐकू येत नाहीत. अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात मुरमावरून पाय घसरतो, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे घाला. मुलांनाही न्या. माझी मुलगी आता माझ्याआधी चढते आणि वरून हाका मारते.