नव्या डिझाइनमधून कंपनी आधी नसलेली बाजारपेठ कशी उभी करते?

सोनीचा वॉकमन, म्हणजे चालता-फिरता गाणी ऐकायचा छोटा कॅसेट प्लेअर, बघा. १९७९ साली आलेल्या या यंत्रात नवं तंत्रज्ञान फारसं नव्हतंच. पत्रकारांसाठीचा 'प्रेसमन' हा छोटा कॅसेट रेकॉर्डर कंपनीकडे आधीपासून होता. सहसंस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात गाणी ऐकायची होती, म्हणून इंजिनिअरांनी त्यातलं रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि स्टिरिओ आवाज बसवला. रेकॉर्डच न करणारा टेप कोण घेणार, ही शंका कंपनीतूनच आली. पण दुसरे सहसंस्थापक अकिओ मोरिता ठाम राहिले.

माझ्या मते खरी कमाल हेडफोनची. तोवरचे हेडफोन म्हणजे कान झाकणारं ओझं, घरी एका जागी बसून लावायचं. हा ५० ग्रॅमच्या आतला: डोक्यावर पातळ पट्टी, कानांवर स्पंजच्या गोल चकत्या. बस्स, गाणं माणसाबरोबर चालायला लागलं! लोकांनी अशी वस्तू मागितली नव्हती, कारण रस्त्यात एकट्याने संगीत ऐकण्याची सवयच कुणाला नव्हती. ती सवय हीच नवी बाजारपेठ. किंमत ३३,००० येन, तरी पहिले ३०,००० नग दोनेक महिन्यांत संपले.