मिरची-भाकरीबद्दल, ओवीला

ओवी,

रविवारी आजी फोनवर सांगत होती, की कपाशी वेचायला गेलो की दुपारी आम्ही मिरचीशी भाकरी खायचो. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आई, तुम्ही इतके गरीब होतात का? की मिरची हेल्दी असते म्हणून खायचात?" मी भांडी घासत होते. "मिरचीत व्हिटॅमिन सी असतं," एवढंच म्हटलं. खरं तर तुझ्या प्रश्नातलं ते 'गरीब' मला लागलं होतं आणि पुढे बोलवेना. म्हणून हे लिहितेय.

आपलं शेत यावलकडे, तिथून सातपुडा दिसतो. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की शाळेला सुट्टी असायची आणि आम्ही पोरंही जायचो. दुपारी निंबाखाली सगळ्या बायका बसायच्या. अक्काआत्या फडकं सोडायची. त्यात कळण्याच्या भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या. जोडीला कांदा आणि मिरच्या. आजी सकाळी तव्यावर थेंबभर तेल सोडून मिरच्या भाजायची. त्यांच्या सालीवर पांढरट फोड आले, की लसूण आणि खडेमीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडाने ठेचायची. घरभर ठसका उठायचा, नाना खोकत ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांना मात्र ठेचा नको असायचा, कच्ची मिरचीच लागायची. भाकरीचा पापुद्रा सोडवायचा, त्यावर मीठ, आणि प्रत्येक घासाला मिरचीचा एक कुरकुरीत तुकडा.

आता गरिबीचं. पैसा हाती यायचा तो कपाशी विकल्यावर. त्याआधीच्या महिन्यांत कधी कधी भाजीला खरंच काही नसायचं आणि आजी मिरचीच वाढायची. हे तुला माहीत असावं. पण कपाशीचे पैसे आले, घरात शेवभाजी शिजली, तरी नाना ताटात मिरची मागायचेच. गावच्या लग्नात भरीत-पुरीची पंगत बसली तरी लोक मिरची मागून घ्यायचे. त्यामुळे तुझ्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तब्येतीचं म्हणशील तर आकडे बघ. शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या मिरचीत सुमारे २४० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, संत्र्याच्या चौपटीहून जास्त. शंभर ग्रॅम मिरची अर्थात कोणी खात नाही. नानांच्या दोन मिरच्या दहा ग्रॅमच्या आसपास भरत असतील, तरी मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा त्यातून निघतो. शिवाय धान्यातलं लोह अंगी लागायला त्याच जेवणातलं व्हिटॅमिन सी मदत करतं. ज्वारी-उडदाच्या भाकरीसोबत कच्ची मिरची, हे जेवण मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. भाजल्यावर मात्र त्यातलं बरंचसं व्हिटॅमिन जातं.

बाकीच्या दाव्यांबद्दल माझं मन साशंक आहे. चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं आणि नाना अजून मला ते पाठवतात. पण त्या माणसांचं बाकीचं खाणं आणि राहणीही वेगळी असू शकते, त्यामुळे श्रेय मिरचीचंच असं म्हणता येत नाही. आणि मामाला ॲसिडिटीमुळे मिरची सोडावी लागली, तेही मी पाहिलंय.

मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या अंगात उष्णता ओळखणारं एक प्रथिन आहे. साधारण ४३ अंशांच्या पुढे ते जागं होतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तेच जागं होतं. डेव्हिड ज्युलियस यांनी ते शोधलं, २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे तोंड खरोखर भाजत नसतं, मेंदूला तसं कळवलं जातं एवढंच. मे महिन्यात जळगावचा पारा ४३ च्या वर जातो, तेव्हाही नाना मिरची खायचे, घाम पुसायचे आणि "आता बरं वाटलं" म्हणायचे. लहानपणी मला त्यांचं हे बोलणं अजिबात कळायचं नाही.

तुला मिरची खायची सक्ती नाही. इथे डब्यात ठेचा न्यावासा वाटला नाही तर नको नेऊस, मी मनाला लावून घेणार नाही. (थोडं लागेल, पण ते माझं मी बघेन.) डिसेंबरात यावलला गेलो की आजी भरीत करेलच. तेव्हा खावीशी वाटली, तर पोपटी, जाड मिरची निवड आणि टोकाकडून थोडीशीच चाव. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, सगळ्यात जास्त तिखट तिथे असतं. जळजळलं तर पाणी पिऊ नकोस, पाण्याने ते जात नाही. आजीकडून वाटीभर दही मागून घे. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळे चोळू नकोस.

तुझी,
आई