वाचकांचे प्रश्न : सॅन अँड्रियासच्या जंगलात खरंच काय आहे?

‘जीटीए’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) या रॉकस्टार कंपनीच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या दंतकथांबद्दल पुण्यातून बरीच पत्रं आली. ‘सॅन अँड्रियास’ हा त्या मालिकेतलाच एक गेम. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : सॅन अँड्रियासमध्ये रात्री बॅक ओ’बियाँडच्या जंगलात फिरत होतो, तर एक मोडकी गाडी चालकाशिवाय अंगावर आली. मित्र म्हणतो ती भुताची आहे. खरं काय?
— अकरावीतला वाचक, धनकवडी

उत्तर : गाडी खरी, भूत खोटं. उभ्या गाड्यांच्या जागा गेममध्ये आधीच ठरलेल्या असतात. तू जवळ आलास की तिथे गाडी तयार होते आणि लांब गेलास की मेमरी मोकळी करण्यासाठी काढली जाते. या जंगलातल्या काही जागा उतारावर आहेत. त्यामुळे गाडी तयार होताच घसरायला लागते, कात्रजच्या चढावर हँडब्रेक न ओढता सोडलेल्या गाडीसारखी. ती पार्क केलेली गाडी आहे, म्हणून आत चालक नाही. इंजिन बंद, दिवे बंद, त्यात अंधार. अशी गाडी झाडांतून अचानक समोर आली की कोणीही दचकेल.

तिचा मोडका अवतारसुद्धा मुद्दाम बनवलेला आहे. कॉम्प्युटरवरच्या गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये ‘व्हेइकल्स.आयडीई’ नावाची यादी असते. तिच्यात ६०४ क्रमांकाला मोडकी ग्लेनडेल आणि ६०५ क्रमांकाला मोडकी सॅडलर अशी स्वतंत्र मॉडेल्स आहेत.

खात्री करायची असेल तर दिवसाउजेडी जा. गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे पूर्ण दिवस २४ मिनिटांत संपतो आणि उजाडायला फार थांबावं लागत नाही. उताराच्या खालच्या बाजूला एखादा ट्रक आडवा लाव. ग्लेनडेल त्याला धडकून थांबली की तिच्यात बस, सपाट रस्त्यावर आण आणि उतर. तिथे ती जागची हलणार नाही. गाडी प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही. नाही दिसली तर बरंच लांब जाऊन परत ये, तिथेच घिरट्या घालत बसू नकोस.

प्रश्न : बिगफूटचे (जंगलात राहतो असं म्हणतात तो केसाळ, माणसासारखा प्राणी) फोटो आणि व्हिडिओ वर्षानुवर्षं बघतोय. माझ्याकडे कॉम्प्युटरची जुनी प्रत आहे. तो गेममध्ये आहे की नाही, याचा कायमचा निकाल कसा लावायचा?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : फोटोवरून निकाल लागत नाही, फायलींवरून लागतो. कोणताही मॉड (खेळाडूंनी बनवलेला, गेम बदलणारा भाग) न टाकलेली कोरी प्रत घ्या. बिगफूटचा मॉड टाकलेल्या प्रतीत बिगफूट सापडणारच, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी ‘डेटा’ फोल्डरमधली ‘पेड्स.आयडीई’ नोटपॅडमध्ये उघडा. रस्त्यावर दिसणाऱ्या माणसांची ही यादी. बिगफूट तिच्यात नाही. पण बरेच जण इथेच थांबतात, ते पुरेसं नाही. कथेतली पात्रं राखीव जागांमध्ये गरजेप्रमाणे आणली जातात आणि त्यांची खरी नावं या यादीत दिसत नाहीत. म्हणून ‘मॉडेल्स’ फोल्डरमधली ‘जीटीए३.आयएमजी’ ही मोठी फाईल आयएमजी उघडणाऱ्या टूलने उघडा आणि डीएफएफ फायली वेगळ्या काढा. डीएफएफ म्हणजे आकार, टीएक्सडी म्हणजे त्यावरचं चित्र. ज्या नावाची शंका येईल ते मॉडेल व्ह्यूअरमध्ये फिरवून बघा. शेवटी ‘डेटा’मधल्या ‘स्क्रिप्ट’ फोल्डरातली ‘मेन.एससीएम’ सॅनी बिल्डर या टूलमध्ये उघडून ०२३सी हा ऑपकोड शोधा. विशेष पात्र मेमरीत आणण्याची ही आज्ञा, आणि प्रत्येक आज्ञेसोबत पात्राच्या मॉडेलचं नाव असतं. तिथेही बिगफूट मिळत नाही. रॉकस्टारचे तेव्हाचे प्रमुख टेरी डोनोव्हन यांनीही तो गेममध्ये नसल्याचं सांगितलं होतं.

‘अजून कोणाला सापडला नसेल’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. ‘हॉट कॉफी’ या गेममधल्या दडवलेल्या लैंगिक दृश्याचं उदाहरण घ्या. तो भाग बंद करून ठेवला होता, नेहमीच्या खेळात दिसतच नव्हता. तरी २००५ मध्ये, कॉम्प्युटरची आवृत्ती आल्यावर, मॉड करणाऱ्यांनी तो चालू केला आणि जुलैत अमेरिकेत गेमना वयानुसार रेटिंग देणाऱ्या ईएसआरबीने गेमचं रेटिंग बदलून ‘फक्त प्रौढांसाठी’ केलं. बंद करून ठेवलेली गोष्टसुद्धा जिथे इतक्या लवकर बाहेर आली, तिथे जंगलात चालणारं आख्खं पात्र इतकी वर्षं लपून राहणार नाही.

मग लोकांना दिसतं काय? बहुतेकदा लांबची झाडं. दूरच्या वस्तूंसाठी गेम कमी तपशिलाची मॉडेल्स वापरतो. धुकं आणि अंधार असला की ती काळ्या आकृतीसारखी वाटतात, आणि आपण जवळ गेलो की त्यांच्या जागी नीट मॉडेल येतं. म्हणून ‘आकृती गायब झाली’ असं वाटतं.

२०२१ च्या डेफिनिटिव्ह एडिशनवर ही तपासणी करू नका. ती अनरिअल इंजिनवर आहे, फायलींची रचना वेगळी आहे.

प्रश्न : मुलाने बिगफूटचा मॉड टाकल्यापासून गेम सुरू होतानाच बंद पडतो. त्याआधीपासून गेममधली माणसं सतत मारामारी करत होती. काय करावं?
— एक पालक, हडपसर

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आधी डॉक्युमेंट्समधलं ‘जीटीए सॅन अँड्रियास यूझर फाइल्स’ हे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, सेव्ह केलेले आठही स्लॉट त्यात असतात. मग गेमच्या फोल्डरमधलं मॉड ठेवण्याचं ‘क्लिओ’ फोल्डर, ‘मॉडलोडर’ असेल तर तेही, आणि नव्याने आलेल्या एएसआय फायली बाहेर काढून गेम सुरू करून बघा. तरी बंद पडला तर मॉडने ‘जीटीए३.आयएमजी’ बदललेली असणार. गेम काढून पुन्हा टाका.

मारामारीचा मॉडशी संबंध नाही. लोकांना भडकवणाऱ्या काही चीट (खेळताना टाईप करायचे गुप्त शब्द) एकदा लावल्या की उलटवता येत नाहीत, आणि त्या अवस्थेत सेव्ह केलं की त्या सेव्हमध्ये कायम राहतात. त्याआधीचा स्लॉट असेल तर तो उघडा, नसेल तर नव्याने सुरुवात करावी लागेल. ‘मॉड’ म्हणून ईएक्सई फाईल आली तर ती चालवू देऊ नका. एएसआयसुद्धा प्रोग्रामच असतो, अनोळखी ठिकाणची घेऊ नका. आणि युरोपात गेमना वयानुसार रेटिंग देणाऱ्या पेगीने या गेमला १८ हे रेटिंग दिलेलं आहे, मुलाचं वय लहान असेल तर ते मनावर घ्या.

प्रश्न : सॅन अँड्रियासचा नायक सीजे याच्या घरात त्याच्या आईचं भूत आहे का?
— एक वाचक, सांगवी

उत्तर : नाही. खरी गंमत हवी असेल तर सॅन फिएरोच्या गँट ब्रिजच्या मनोऱ्यावर जेटपॅकने उतरा. ‘इथे कोणतंही ईस्टर एग (लपवून ठेवलेली गंमत) नाही, चालते व्हा’ अशा अर्थाची पाटी रॉकस्टारने खरोखर लावली आहे.

प्रश्न : जीटीए ५ मधली माउंट चिलियडची उडती तबकडी तरी खरी का? दोनदा शिखरावर जाऊन आलो, काही दिसलं नाही.
— एक वाचक, नऱ्हे

उत्तर : खरी आहे, पण त्यासाठी गेम १०० टक्के पूर्ण लागतो. ९९ वर काहीच दिसणार नाही. शिखरावरच्या चौथऱ्याखाली ‘तुमची कथा पूर्ण झाली की परत या’ अशा अर्थाचं वाक्य रंगवलेलं आहे, ते याचसाठी. गेममधल्या पहाटे ३ वाजता, पाऊस आणि विजा असताना चौथऱ्यावर उभे राहून वर बघा. वेळ जुळवायला झोपेचा उपयोग करा : मायकेल झोपला की ६ तास पुढे जातात, फ्रँकलिनचे ८, ट्रेव्हरचे १२. पायथ्यापासून वर यायला वेळ लागतो, म्हणून निघताना घड्याळात दीड-दोन तास हाताशी ठेवा. इथे गेममधलं एक मिनिट आपल्या दोन सेकंदांचं असतं. बहुतेकांची अडचण वेळेची नसते, पावसाची असते. आकाश कोरडं असेल तर तबकडी येत नाही, पुढच्या पावसाळी रात्री पुन्हा जा.