या घरात मालक किती?

घराचं काम काढलं की माझ्याकडे येणारं गाऱ्हाणं बहुधा एकच असतं: "ठेकेदार लुबाडतोय, बजेट कुठल्या कुठे गेलं, आणि आता घरात आम्ही एकमेकांशी धड बोलतही नाही. काय करावं?" मी कौटुंबिक समुपदेशक, वाळू-सिमेंटातलं मला कळावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण २०१९च्या महापुरानंतर सांगलीत इतक्या घरांची दुरुस्ती निघाली, की गिलावा, ब्रास, उचल हे शब्द माझ्याही तोंडी बसले.

त्यातलंच एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गावभागातलं जुनं घर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा यांच्या सोप्यात पुरुषभर पाणी होतं. पुढे ओल आणि पोपडे सोसत दिवस काढले. सर निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा काम काढलं. ठरले होते ६ लाख. माझ्यासमोर बसले तेव्हा ठेकेदाराचा आकडा साडेआठला पोचला होता. सर म्हणाले, माणूस चोर आहे. ताई म्हणाल्या, "चोर होता, तर दर शनिवारी मागेल तेवढी उचल कोण देत होतं?"

पुढच्या वेळी ठेकेदारालाही बोलवा, म्हटलं. सरांना ते रुचलं नाही, पण तो आला. शर्टाच्या खिशातून सिमेंटनं पांढरी पडलेली डायरी काढली आणि वाचायलाच लागला. ओट्याला कडप्पा ठरला होता, ग्रॅनाइट बसवला: वैनींनी सांगितलं. देवघराला मार्बल: आज्जींनी. विजेचे पॉइंट वाढवले: सरांनी, दोनदा. माडीवर बाथरूम: पुण्याहून मुलाचा फोन. वाढीव कामाची बेरीज १ लाख ६० हजार. डायरी मिटून म्हणाला, "सर, मी हिशेबाला चुकत न्हाय. पण या घरात मालक किती, तेवढं सांगा."

बाथरूम सासूबाईंनी सांगितलं असेल असं ताई धरून चालल्या होत्या. ताईंनी सांगितलं, असं सर. मुलानं परस्पर फोन केला होता, हे दोघांनाही तिथंच कळलं.

माझ्याकडे येणाऱ्या अशा भांडणांत ठेकेदार लबाड निघतो त्यापेक्षा जास्त वेळा असंच निघतं. घरातल्यांचं आपसात ठरलेलं नसतं. प्रत्येकजण "काम चाललंच आहे, तर एवढंही करून टाका" म्हणतो आणि दर कुणीच विचारत नाही.

राहिलेले ९० हजार गिलाव्याचे. अंदाजपत्रकात नुसतं 'गिलावा दुरुस्ती' लिहिलेलं. छिन्नी लावली तर पाण्याच्या खुणेपर्यंतचा सगळा गिलावा हातानं सुटून आला. यात दोष कुणाचाच नाही. जुनी भिंत फोडल्याशिवाय बोलत नाही. म्हणून ठरलेल्या रकमेवर १५ ते २० टक्के बाजूला ठेवावेत. आणि ते मुलांना सांगू नयेत, असं मी हल्ली स्पष्टच सांगते.

ठेकेदारही काही साधू नव्हता. काम निम्मं झालं नव्हतं तेव्हाच साडेचार लाख उचलून बसला होता, आणि त्याची माणसं कुपवाडला दुसऱ्या साइटवर. पैसे पुढे गेले की माणसं मागे राहतात. पैसे द्यायचे ते टप्प्यानं: तोडफोड, पाइप-वायरिंग, गिलावा, फरशी. बाथरूममध्ये फरशीआधी २४ तास पाणी कोंडून ठेवायचं, खालून छताला ओल येते का बघायची, मगच तो हप्ता. शेवटचे दहा टक्के सगळं वापरून बघितल्यावर.

मोजमापावरूनही जुंपली होती. सर गिलाव्यातून खिडकी-दारं पूर्ण वजा करत, ठेकेदार एकही नाही. खरं तर याला मोजणीचं भारतीय मानक १२०० आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही, त्यावर ३ चौरस मीटरपर्यंत भिंतीची एकच बाजू वजा होते, कारण चौकटीलगतच्या कडांचा गिलावा वेगळा धरत नाहीत. काम सुरू होण्याआधी हे एका ओळीत लिहून घेतलं असतं, तर एक महिना वाचला असता. त्याप्रमाणे पुन्हा टेप लावला, आकडा ८ लाख १० हजारांवर आला, आणि दोघांनी तो मान्य केला.

उरलेल्या कामासाठी एकच ठरवलं: ठेकेदाराशी एकानंच बोलायचं. नाव सरांनीच सुचवलं, ताईंचं. याचं मला नवल वाटलं, ताईंना त्याहून जास्त. नवीन काही करायचं तर ताई व्हॉट्सअॅपवर लिहिणार: काय, किती दरानं, किती दिवस वाढणार, ठेकेदाराचा होकार आला की मगच हात लावायचा. उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर हेच संदेश पुरावा म्हणून दाखवता येतात.

सासूबाई दोन दिवस रुसल्या. मुलाचे फोन काम संपेपर्यंत येतच राहिले, ठेकेदार उचलायचा आणि म्हणायचा, "दादा, आईशी बोला."